वर्क व्हिसा काढताय? फाईल घेऊन पळायच्या आधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात शेजारचा पोरगा रात्री नऊला घरी आला, हातात मोबाईल आणि तोंडावर लग्न जमल्यासारखा आनंद. "दादा, दुबईचा व्हिसा आला." बघू म्हणलं. पीडीएफ मोठी करून बघितली तर वरतीच टुरिस्ट लिहिलंय, ६० दिवस, सिंगल एंट्री. कंपनीचं नाव कुठं नाही, कामाचं नाव कुठं नाही. म्हणलं अरे हा बुर्ज खलिफा बघायला जायचा व्हिसा आहे, कामाचा नाही. तर म्हणतोय, "एजंट म्हणला तिकडं गेल्यावर कंपनी कन्व्हर्ट करून देती." सव्वा लाख देऊन बसलेला, वर कुपवाड एमआयडीसीतली चालू नोकरी पण सोडलेली.

मी स्वतः सहा वर्षं ओमानला मेंटेनन्समध्ये काढली, आता मिरजेत असतो, त्यामुळं महिन्याला एकदोन जण तरी फाईल घेऊन येतातच. चुका सगळ्यांच्या जवळपास त्याच. आणि मूळ एकच, आपण व्हिसा ही एजंटकडून विकत आणायची वस्तू समजतो. खरं तर तो नोकरीला बांधलेला असतो, नोकरी खोटी तर व्हिसा पण खोटा नाहीतर चुकीचा. विट्या-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, पार देशभर पसरले ते पाहुण्यानं पाहुणा नेऊन, तिथं ओळख पुरायची. आपलं डोकं अजून तसंच चालतं, तिकडं आपला माणूस आहे, बघून घेईल. इमिग्रेशनच्या काउंटरला आपला माणूस नसतो.

टुरिस्ट व्हिसावर कामाला जाणं

दुबईत म्हणजे यूएईत आत गेल्यावर व्हिसा बदलता येतो हे खरं आहे, म्हणूनच तर लोक फसतात. पण तो बदलायचा तर खऱ्या कंपनीनं तिथल्या कामगार खात्याकडं परमिट मागायला लागतं, तुम्ही ऑफर लेटरवर सही करायला लागती, मग मेडिकल, मग एमिरेट्स आयडी म्हणजे तिथलं ओळखपत्र. हे व्हायच्या आधी काम केलं तर ते बेकायदेशीर. दंड होतो, परत पाठवतात, आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार, कारण कागदावर तुम्ही फिरायला आलाय. कंपनी खरी असेल तर तुम्ही सांगलीत बसलेला असतानाच एंट्री परमिट पाठवू शकती. नाही पाठवत म्हणली की समजून जायचं.

एजंट टुरिस्टवर का पाठवतो याचं अजून एक कारण आहे. पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा असेल, तो साधारण दहावी पास नसलेल्यांना असतो, तर आखातातले सहा देश, मलेशिया, इराक, जॉर्डन असे धरून १८ देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी लागते, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते आणि तिथं मालक, पगार, करार सगळं तपासलं जातं. टुरिस्ट व्हिसा दाखवला की ही तपासणीच चुकवता येते. म्हणजे सरकारनं तुमच्यासाठी लावलेली कडी एजंट तुमच्याच हातानं काढून घेतोय.

दहावी पास असून पण ईसीआर असलेले कितीतरी जण मी बघितलेत, अर्ज करताना सर्टिफिकेट जोडलंच नव्हतं. पासपोर्ट री-इश्यूला टाकून, दहावीचं सर्टिफिकेट लावून ते काढता येतं, आधी करून घ्या. आणि मिरजेत नर्सिंग केलेल्या पोरी भरपूर, त्यांनी हे खास बघा, या १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर २०१५ पासून पासपोर्ट ईसीआर नसला तरी परवानगी लागते.

एजंटला पैसे देताना पावती न घेणं

रजिस्टर्ड एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ३५,४०० रुपये. लाख दोन लाख मागतोय म्हणजे एकतर तो रजिस्टर्ड नाही नाहीतर कायदा मोडतोय. लायसन नंबर मागायचा आणि ई-मायग्रेटवर स्वतः टाकून बघायचा, भिंतीवरची फ्रेम बघून खूश व्हायचं नाही. पैसे बँकेतूनच द्यायचे. त्या शेजारच्या पोरानं सगळे रोख दिलेले, मी म्हणलं पावती कुठंय तर व्हॉट्सअॅपवरचा अंगठा दाखवला. चार चकरा मारून चाळीस हजार परत मिळाले, बाकीच्याला रामराम.

ऑफर लेटर बघून हुरळून जाणं

ब्रिटनचं उदाहरण घेतो कारण तिथली फसवणूक सध्या जोरात आहे. स्किल्ड वर्कर व्हिसाला कंपनीकडं स्पॉन्सर लायसन लागतं आणि तुमच्या नावानं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप लागतं, सीओएस म्हणतात त्याला. लायसन असलेल्या कंपन्यांची यादी तिथल्या सरकारच्या साईटवर फुकट बघायला मिळते. विश्रामबागला चहा पिता पिता एकाचं लेटर मी त्या यादीत शोधलं, पाच मिनिटं पण लागली नाहीत, नावच नव्हतं. नाव सापडलं तरी थांबायचं नाही, कारण खऱ्या कंपनीचं नाव लावून जीमेलवरून लेटर पाठवणारे पण आहेत. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरनं नंबर काढून विचारायचं. सीओएस विकत घेणं हा सरळ गुन्ह्याचा मामला आहे, कोण पंधरा लाखाला देतो म्हणला तर उठून यायचं.

आणि जुनी माहिती वापरू नका. केअर वर्करची परदेशातून नवीन भरती ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केली तरी अजून "केअर होमला पाठवतो" म्हणणारे फिरतायत. त्याच तारखेपासून बहुतेक नोकऱ्यांना वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगाराची अट आहे, हेल्थ वगैरेला वेगळे नियम. ऑफरमध्ये २४,००० पौंड आणि काम वेअरहाऊसचं असेल तर हिशोब तुम्हीच लावा. कॅनडाचं पण तसंच, एलएमआयए (परदेशी माणूस घ्यायला मालकाला लागणारा सरकारी कागद) विकत घेतलं की पीआरचे, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचे, पॉइंट वाढतात हे सांगणारे आहेत, पण एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या अर्जाच्या पद्धतीत नोकरीच्या ऑफरचे पॉइंट २५ मार्च २०२५ ला काढूनच टाकले. अमेरिकेचा एच-वन-बी हा कामाचा व्हिसा तर तुम्ही स्वतः भरूच शकत नाही, कंपनी भरते, मार्चमध्ये रजिस्ट्रेशन आणि मग लॉटरी, ८५,००० जागा सगळ्या मिळून. त्यात सप्टेंबर २०२५ ला नवीन अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, त्यामुळं "कन्सल्टन्सीतून टाकतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जर्मनीला ऑफर नसताना पण नोकरी शोधायला जायचा रस्ता आहे, जून २०२४ पासूनचं चान्सनकार्ट, म्हणजे नोकरी शोधायचं परमिट. पण डिग्री किंवा ट्रेनिंग लागतं, जर्मन किंवा इंग्रजी भाषा लागती, सहा पॉइंट भरायला लागतात, आणि खर्चाची सोय दाखवायला लागती, ब्लॉक खात्यातून (ज्यातनं महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते) दाखवणार असाल तर २०२५ ला महिन्याला १,०९१ युरोच्या हिशोबानं. वर्षाचे तेरा हजार युरोच्या वर झाले. आयटीआय झालेल्यांनी आधी आपलं ट्रेनिंग तिकडं कसं धरतात ते बघा, नुसतं भाषेच्या क्लासला फी भरून काय होत नाही.

नाव, लॅमिनेशन आणि बाकी कागद

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टला आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर अजून तिसरंच. एकाच्या फाईलीत वडिलांचं नाव भीमराव, मार्कलिस्टवर इंग्रजीत डबल ई, पासपोर्टवर नुसता आय, शिवाजी विद्यापीठाच्या डिग्रीवर भीम वेगळं आणि राव वेगळं. माणूस एक, बाप तीन. दहावीचं स्पेलिंग मूळ धरायचं, त्याप्रमाणं आधार, मग पासपोर्ट, आणि नाव खरंच बदललेलं असेल तर सरकारी गॅझेटमधली नोंद. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच मोकळा असतो, यूएई तसल्या एकेरी नावाला टुरिस्ट व्हिसा देत नाही. लग्न झालेल्या पोरींनी अर्ज चालू असताना मधेच नाव बदलायला जाऊ नये, नर्सिंग कौन्सिलला माहेरचं आणि पासपोर्टला सासरचं असं झालं की मॅरेज सर्टिफिकेट आणि अॅफिडेव्हिट घेऊन फिरत बसायला लागतं.

लॅमिनेशन करू नका. आईवडील कौतुकानं डिग्री प्लास्टिकमध्ये घालून ठेवतात, पण अटेस्टेशनचा, म्हणजे कागद खरा असल्याचा, सरकारी शिक्का मूळ कागदाच्या मागं बसतो, प्लास्टिकवर कसा बसणार? मग ते काढताना कागद सोलून निघतो आणि डुप्लिकेटसाठी कोल्हापूरच्या खेपा. अजून एक, अपॉस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का, सगळीकडं चालतो असं नाही. यूएई त्या करारात नाही, तिथं राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांच्या वकिलातीचा शिक्का असा क्रम लागतो. देश ठरल्याशिवाय शिक्के मारत सुटू नका.

ब्रिटनला टीबी टेस्ट लागते आणि ती त्यांच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये. मिरजेत दवाखान्यांची लाईन आहे म्हणून घराजवळ एक्सरे काढलात तर तो घरातच ठेवायचा. सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणून फार आधी पण नको.

बँकेचा घोळ पण नेहमीचा. ब्रिटनला स्पॉन्सर हमी देत नसेल तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसायला लागतात. लोक मेहुण्याकडनं उसने घेऊन आदल्या आठवड्यात भरतात आणि अर्ज गेला की परत. दिवस मोजतात, एक दिवस जरी कमी पडलं तरी नकार. मोठी रक्कम आली असेल, समजा उसाचं बिल एकदम जमा झालं, तर कारखान्याची पट्टी जपून ठेवा, विचारलं तर दाखवता येते.

नकार आल्यावर

पहिलं काम, नकाराचं पत्र शांतपणे पूर्ण वाचा, एजंटनं सांगितलेलं कारण आणि पत्रातलं कारण बऱ्याचदा वेगळं निघतं. कागद कमी पडला असेल तर तो लावून परत भरता येतं. त्यांच्याकडनं चूक झाली असेल तर ब्रिटनच्या वर्क व्हिसाला बाहेरून २८ दिवसात अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागता येतो. पण पुढच्या कुठल्याही अर्जात "आधी नकार आलाय का" या प्रश्नाला नाही लिहू नका, खोटं सापडलं तर ब्रिटन दहा वर्षं दारात उभं करत नाही. एजंटनं बनवलेलं खोटं एक्स्पीरियन्स लेटर पण तुमच्याच नावावर पडतं, फॉर्मवर सही तुमची असती.

व्हिसा हातात आला तरी राजीनामा लगेच टाकू नका, आधी त्यावरचं कामाचं नाव करारातल्याशी जुळवा. आमच्या कॅम्पला एक साताऱ्याचा इलेक्ट्रिशियन होता, व्हिसावर हेल्पर लिहिलेलं, त्यानं इथं असताना वाचलंच नव्हतं, दोन वर्षं हेल्परच्या पगारावर पॅनल जोडत बसला.

शेजारचा पोरगा कुपवाडला दुसऱ्या कंपनीत लागलाय, दोन हजार कमी पगारावर. परवा मस्कतची एक ऑफर घेऊन आला होता, या वेळी लायसन नंबर स्वतःच टाकून बघून आला, फक्त डिग्री तेवढी लॅमिनेट केलेली.