‘टोकियो स्टोरी’ घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत कशी पाहावी

खानदेशातल्या ज्या घरांतली मुले नोकरीनिमित्त पुण्याला किंवा सुरतेला गेली आहेत, त्या घरांत एकटेपणाविषयीचा जपानी चित्रपट दाखवायचा असेल, तर सुरुवात यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’पासून करावी. ओनोमिची या बंदराच्या गावचे एक वृद्ध जोडपे मुलांना भेटायला टोकियोला जाते आणि परत येते, एवढीच त्याची कथा आहे.

टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असेल, तर तो शक्यतो खाली ठेवावा आणि सोफा सोडून सतरंजीवर बसावे. ओझू कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही थोडा खाली ठेवतात. पंगतीत बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्याला ते घर मग परके वाटत नाही. चित्रपटातही उन्हाळाच आहे आणि जो तो हातपंखा हलवत असतो, तेव्हा मे महिन्यातली जळगावची संध्याकाळ त्यासाठी उत्तम.

उपशीर्षके वाचून सांगणारा एकच माणूस ठरवावा. त्याने अहिराणीत सांगितले तर अधिक बरे, कारण संवाद घरगुतीच आहेत. मात्र रिकामी खोली, धुराडी किंवा वाळत घातलेले कपडे पडद्यावर आले, की त्याने गप्प राहावे. चित्रपट १३६ मिनिटांचा आहे. वेग वाढवून पाहणार असाल, तर न पाहिलेला बरा.

प्रवासाची तयारी करताना म्हातारा हवेची उशी शोधतो, ती तुझ्याकडेच दिली होती असे बायकोला म्हणतो आणि मग ती त्याच्याच सामानात सापडते. हा प्रसंग हसण्यावारी जाईल, जाऊ द्यावा. पुढे पोटची मुले कामात गुंतलेली असताना युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको आपल्या एका खोलीत सासू-सासऱ्यांना जेवू घालते. त्यांच्यासाठी ती शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, उसनी आणते आणि ती दोघे जेवत असताना पंख्याने वारा घालते. इथे कोणी तरी आपल्या सुनेचा विषय काढतोच. तो चित्रपट संपेपर्यंत थोपवावा. उशीच्या प्रसंगात खिडकीशी थांबून बोलणारी शेजारीण शेवटी पुन्हा येते, तेव्हा आत म्हातारा एकटाच असतो. त्यानंतर लगेच ट्यूबलाइट लावू नये.

पुढच्या आठवड्यासाठी अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’ ठेवावा. मुलाला आपल्या कर्करोगाविषयी सांगायला निघालेला बाप जिन्यात येतो, आणि वरून दार लावून घेण्याचा निरोप ऐकून तिथेच थांबतो. १७९ मिनिटांचा ‘ड्राइव्ह माय कार’ माझ्या मते वडीलधाऱ्यांसाठी फार लांबतो. त्याऐवजी हिरोकाझू कोरे-एदा यांचा २०१८ सालचा ‘शॉपलिफ्टर्स’ लावावा, आणि थंडीत बाहेर राहिलेल्या चिमुकलीला घरी आणणाऱ्या त्या कुटुंबात कोण कोणाचे लागते, हे आधी कोणालाही सांगू नये.