मातीवर छापताना या चुका टाळा

मुद्राचित्रण येणारा मातीकडे वळला की पहिल्या महिन्यात ठरावीक चार-पाच चुका करतो. मातीकाम येणारा छपाईकडे वळला की उरलेल्या करतो. दोघांच्याही हाती येतो तो पुसट, फाटलेला, उलटा किंवा ग्लेझखाली, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराखाली, हरवलेला छाप, आणि दोघेही बोट दाखवतात भट्टीकडे. भट्टीचा दोष क्वचितच असतो. कागद ओलवून ठेवला तर तो तासभर तसाच राहतो, माती मात्र दर दहा मिनिटांनी बदलते. छापायची वेळ ती ठरवते, हे ज्याला पटत नाही त्याचे निम्मे काम भंगारात जाते.

मातीची वेळ न ओळखणे

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

न्यूजप्रिंटवर रंगीत स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावायची, ती मातीच्या लादीवर पालथी घालायची, घासायची, कागद सोलायचा. ऐकायला इतके सोपे की शिकाऊ माणूस लादी लाटल्या लाटल्या कागद ठेवतो. ओल्या मातीला कागद चिकटतो, घासताना स्लिप चेपून पसरते आणि सोलताना कागदाचा लगदा मातीवरच राहतो. पुढच्या वेळी तोच माणूस धास्तीने लादी रात्रभर उघडी ठेवतो. सकाळी स्लिप मातीला धरतच नाही, पापुद्र्यासारखी सुटते.

लादी साधारण ६ मिमी जाड लाटा. लाटताना दर दोन-तीन फेऱ्यांनी ती उचलून नव्वद अंशांत फिरवा आणि शेवटी रबरी रिबने (चापट पट्टीने) दोन्ही बाजू दाबून घ्या, नाहीतर सुकताना कडा वर येतात. मग थांबा. बोट हलकेच टेकवल्यावर ठसा पडू नये, पण नखाने रेघ ओढली तर ती स्वच्छ उठावी. लादी हातावर घेतली की किंचित वाकावी, तडकू नये. हीच मऊ लेदर-हार्ड (चामड्याइतकी घट्ट) अवस्था, छपाईचा काळ इथून सुरू होतो. हवेप्रमाणे तो अर्धा तास टिकतो किंवा तीन तास. घड्याळ पाहू नका, नख लावा.

कागदावरच्या स्लिपचेही तसेच. लावल्यावर ती चमकते. चमक गेली आणि बोटाला रंग लागेनासा झाला की कागद पालथा घाला. त्याआधी घातला तर रेषा पसरतात. फार उशीर झाला आणि स्लिपला भेगा पडल्या, तर पाण्याचा अगदी बारीक फवारा कागदाच्या पाठीवर मारा, स्लिपवर नाही. लादी जरा जास्त सुकली असेल तर ओल्या स्पंजने एकदाच पुसा आणि पाच मिनिटे थांबून मग छापा. सोलताना आधी एक कोपरा उचलून डोकवा. रंग कागदावर दिसला तर कोपरा परत टेकवून पुन्हा घासा. पूर्ण सोललेला कागद पुन्हा त्याच जागी बसत नाही, त्यामुळे डोकवायचा कंटाळा करू नका.

हेअर ड्रायरबद्दल विचारूच नका. त्याने वरचा अर्धा मिलिमीटर सुकतो आणि आतली माती ओलीच राहते. छाप वरच्या सुक्या थरावर बसतो, आतली ओल नंतर आकसते आणि छाप तडकतो. वेळ वाचवायला घेतलेले हत्यार, आणि लादी पुन्हा लाटण्यात दुप्पट वेळ.

स्लिप ज्या मातीची लादी तिचीच बनवा. दुसऱ्या मातीची स्लिप वेगळ्या प्रमाणात आकसते आणि सुकताना नाहीतर पहिल्या भाजणीत खपल्या धरते. त्याच मातीची सुकी भुकटी भिजवायची, तिच्या वजनाच्या १० ते १५ टक्के सिरॅमिक स्टेन (भट्टीत टिकणारी रंगाची भुकटी) घालायचा, ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळायचे. कागदावर जो रंग आधी लावाल तो मातीवर सर्वांत वर येतो. म्हणून बारीक रेघा आधी, पार्श्वभूमी शेवटी. चित्रकाराची सवय नेमकी उलटी असते.

अक्षरे उलटी येणे

न्यूजप्रिंटवरून उतरवलेला छाप उलटतो. पातळ कागदावर स्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून, छापून मग मातीवर पालथा घातलेलाही उलटतो. झेरॉक्सवरून घेतलेला कागदी लिथोग्राफ उलटतो, मातीत दाबलेला लिनो (कोरीव ब्लॉक) उलटतो. मातीवर थेट स्क्रीनने छापलेला उलटत नाही, आणि पाण्यात भिजवून सरकवायची डिकॅलही (छापील चित्राची पातळ पापुद्री) नाही. ही यादी भिंतीवर लावा. लिनोत आणखी एक गंमत आहे: कागदावर कोरलेला भाग कोरा राहतो, मातीत दाबल्यावर तोच भाग उठावदार रेघ होऊन वर येतो. ब्लॉक कोरायच्या आधी मातीच्या गोळ्यावर एकदा दाबून पाहा.

तेलाचा रंग, बिस्क आणि घाईचे ग्लेझ

कागदी लिथोग्राफीत टोनरची (भुकटी शाईची) झेरॉक्स घेतात. कागदाला दोन्ही बाजूंनी गम अरेबिक लावतात, वर जवसाच्या तेलात खललेला स्टेन रोलरने फिरवतात. ओला कागद तेल नाकारतो, टोनर ते धरतो. पांढऱ्या भागावर रंग चढलाच तर ओल्या स्पंजने तो निघतो. रंग मधाइतका दाट हवा, पातळ झाला की पांढऱ्यावरही चढतो. एका झेरॉक्सवर दोन-तीन छाप निघतात, मग कागद फाटतो. इंकजेटचा कागद इथे चालत नाही, पाणी लागताच त्याची शाई फुटते.

एकाने बारा ताटल्या बिस्क करून, म्हणजे ग्लेझशिवाय एकदा भाजून, घेतल्या आणि त्यांवर कोबाल्टच्या निळ्या स्टेनने असेच छापले. रेषा केसाएवढ्या बारीक, छाप देखणे. दोन दिवस वाळवले, हाताला रंग लागेना, मग पारदर्शक ग्लेझची बादली पुढे ओढली. ताटली बुडवून बाहेर काढली तर ग्लेझ छापावरून घरंगळून थेंब-थेंब जमले. त्याने ते ब्रशने थोपले. एक थर, दुसरा थर, तिसरा. भट्टी उघडली तेव्हा छापाच्या जागी उघडी माती, तिच्या कडेला ग्लेझचे जाड मणी, आणि तीन ताटल्या शेल्फला चिकटलेल्या.

ग्लेझ चांगले होते, भट्टीही बरोबर होती. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन कातडीसारखा पडदा बनवते आणि पाण्यातले ग्लेझ त्याला धरत नाही. दोन दिवस काय, दोन महिने ठेवले असते तरी तेच झाले असते. अशा बिस्कवरच्या छापाला ग्लेझच्या आधी ७०० ते ७५० अंश सेल्सिअसपर्यंत एक वेगळी भाजणी लागते. तेल जळून जाते आणि रंग जागेवर बसतो. छपाईच्या भांड्यांसाठी इंग्लंडमधले जुने कारखानेही ग्लेझआधी अशी भाजणी करत. हीटगनने हे होत नाही, तापवून तेल फक्त जास्त कडक होते.

त्याहून बरे म्हणजे तेलाचा छाप लेदर-हार्ड मातीवरच घ्या. १००० अंशांच्या बिस्कमध्ये तेल आपोआप जळते आणि एक भाजणी वाचते. ती मात्र खोलीत हवा खेळती ठेवून करा, धूर होतो. बिस्कनंतर छापावर बोट फिरवा. भुकटी निघाली तर रंग फार जाड लागला आहे किंवा त्यात फ्रिट (दळलेली काच) कमी आहे, आणि अशा जागीही ग्लेझ आकसून माती उघडी पडते.

मातीवर छपाई किती झटपट होते, याचा दाखला द्यायला १७५६ ची गोष्ट सांगतात. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत १२०० हून जास्त टाइल छापल्याचे शपथेवर सांगितले होते. खरे आहे. पण ती भाजलेली, ग्लेझ चढवलेली सपाट टाइल होती, तुमची कालची ओली लादी नव्हे.

छापून मग वाकवणे

सपाट लादीवर छापून ती नळीभोवती गुंडाळली की छापाला उभ्या भेगा पडतात. हिशेब करा. ६ मिमी जाड लादी ८ सेमी व्यासाच्या नळीभोवती गेली तर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ७ टक्के ताणला जातो. सुकलेली स्लिप तेवढी ताणली जात नाही. वाकवायचे असेल तर छपाईच्या काळाच्या सुरुवातीलाच, माती मऊ असताना छापा आणि स्लिपची चमक गेल्याबरोबर, ती कोरडी व्हायच्या आत, वर कोरा न्यूजप्रिंट ठेवून वाकवा. सांध्याच्या कडा ४५ अंशांत कापा म्हणजे छापात पट्टा दिसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आकसण्याचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. माती १२ टक्के आकसते आणि टाइल १० सेमीची हवी, तर १२ टक्के मिळवून ११.२ करू नका. १० ला ०.८८ ने भागा, ११.४ येते.

कागदासाठीची स्क्रीन मातीच्या रंगाला वापरू नका. सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या जाळीत स्टेनचे कण अडकतात. ४३ ते ७७ धागे पुरेत. रंग सीएमसी डिंकाने दाट करा आणि स्क्रीनवर सुकू नये म्हणून ग्लिसरीनचे चार थेंब, चारच.

लिनोच्या कडा आतल्या बाजूला कापल्या तर माती आत अडकते. कडा बाहेर उतरत्या ठेवा, वर कॉर्नस्टार्च भुरभुरवा. तो भट्टीत जळून जातो. लाटणे एकदाच फिरवा, मागे-पुढे केले की दुहेरी छाप येतो.

छापावर झिरकॉनचे पांढरे, अपारदर्शक ग्लेझ ओतून छाप कुठे गेला म्हणून विचारणारे दर वर्षी भेटतात. पारदर्शकच वापरा, आणि पातळ. क्रोम-टिनचा गुलाबी स्टेन असेल तर ग्लेझमध्ये जस्त नको, गुलाबी उडतो.

लेझर प्रिंटरवर छापलेल्या डिकॅलला टोनरमध्ये लोहाचा ऑक्साइड लागतो, तोच तपकिरी होऊन उरतो. रंगीत टोनर पूर्ण जळून जातो. भाजणी इतकीच हवी की आधीचे ग्लेझ जरासे मऊ होईल, आणि हे तापमान प्रत्येक ग्लेझला वेगळे असते. म्हणून आधी एक तुकडा भाजा. डिकॅलखालची हवा रबरी रिबने मधून बाहेर काढा, बुडबुडा राहिला तर तिथे छापाला भोक पडते.

सुका स्टेन मोजताना मास्क घाला. सुकी माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.