स्टॉलसाठी २०० रुपये

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. मी तेव्हा पुण्यात नववीत होतो. दिवाळीनंतर शाळेत आनंदमेळा भरवायचा आणि त्या पैशांतून शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेला दुसऱ्या सत्रासाठी वह्या द्यायच्या, असं आम्ही मुलांनीच ठरवलं.

तुम्ही पहिल्यांदाच असं काही करणार असाल, तर आमची चूक आधी ऐका. स्टॉल लावणाऱ्याकडून आम्ही २०० रुपये अनामत घ्यायचं ठरवलं. ऐनवेळी कुणी अंग काढून घेऊ नये, एवढाच हेतू होता. नावं आली ती जवळजवळ सगळी अ आणि ब तुकडीची. 'ड'वाल्यांना हौसच नाही, असं मी बैठकीत म्हणालो. त्याची आजही लाज वाटते. शेवटी शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं. "अरे, पोरं माझ्याकडे येऊन विचारतात, पैसे परत कधी मिळणार? तुम्हाला विचारायला लाजतात."

आम्ही कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. पण अनामतीनेच निम्मी मुलं गाळली होती. बैठकीची वेळही तशीच, शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने. पीएमपीच्या पासवाली मुलं तोवर बसमध्ये असायची.

अनामत रद्द केली. शाळेसमोरच्या दुकानदारकाकांनी बाईंच्या शब्दावर पोहे, तेल, डाळीचं पीठ उधार दिलं. विक्रीतून आधी त्यांचे पैसे, मग निधी. बैठक मधल्या सुट्टीत आणली. सूचना पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न टाकता वर्गावर्गात जाऊन वाचली. १४ स्टॉल लागले, त्यातले ५ 'ड'चे. रोख एकाच टेबलावर घेतली, स्टॉलवर फक्त कूपनं.

वर्गणीची नावं आणि आकडे मात्र फळ्यावर कधीही लिहू नका. आमच्या वर्गातली एक मुलगी ती यादी पुसेपर्यंत शाळेत आली नाही. तोंड बंद केलेला, वर फट असलेला डबा फिरवा. कुणी किती टाकले, हे कुणालाच कळायला नको.

आणि ज्यांना द्यायचं, त्यांनाही ठरवण्यात घ्या. आम्ही जुने कपडेही गोळा करायला निघालो होतो. बाईंनी तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावून दिला. "कपडे नकोत, खूप आलेत," ते म्हणाले आणि इयत्तावार यादी पाठवली: पहिली-दुसरीला दुरेघी आणि चौकटीच्या वह्या, वरच्या वर्गांना एकरेघी, दहावीच्या ४ मुलांना कंपासपेट्या.