आजेसासूबाईंचा तन्मणी

बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी लग्नाची गडबड होती म्हणून आजेसासूबाईंचा तन्मणी लॉकरमधून काढला, तर मोती पिवळट आणि खडूसारखे निस्तेज! चूक माझीच. पाच वर्षांपूर्वी घाम न पुसताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता.

जाऊबाई म्हणाल्या, "टूथपेस्ट लाव." नशीब, एकाच मोत्यावर करून पाहिलं. त्यावर बारीक ओरखडे उठले, ते आजही दिसतात. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, नखापेक्षा थोडाच कठीण. लिंबू-व्हिनेगर तर त्याला विरघळवतंच.

मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकले, जुन्या मलमलीचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळला आणि एकेक मोती पुसला. नंतर नुसत्या ओल्या फडक्यानं. माळ पाण्यात बुडवली नाही, कारण रेशीम भिजलं की ताणतं. रात्रभर टॉवेलवर आडवी वाळत ठेवली. टांगली असती तर दोरा लांबला असता.

वरचा मळ गेला, अर्धीअधिक झळाळी आली. मानेपाशी अत्तर लागायचं तिथले चार मोती मात्र मंदच राहिले. दोराही सैल झाला होता, तो मांडवीतल्या पटव्याकडून प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून नव्यानं ओवून घेतला. तुटला तरी एकच मोती निसटेल.

बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांचा मोत्यांचा गालिचा २००९ साली दोह्याला लिलावात विकला गेला. आमच्याकडे एवढाच तन्मणी, आता सुती पिशवीत.