हरणारा सॉफ्टबॉल संघ हाती घेताना: कोल्हापुरातल्या कॉलेज प्रशिक्षकासाठी

सलग तीन-चार वर्षं पहिल्याच फेरीत घरी परतणारा मुलींचा कॉलेज संघ हाती आला, की नवा प्रशिक्षक आधी बॅटिंगला हात घालतो. तिथेच पहिलं वर्ष वाया जातं. आंतरमहाविद्यालयीन पातळीवर संघ हरतो तो समोरच्याच्या फटक्यांनी कमी आणि स्वतः वाटलेल्या फुकटच्या रननी जास्त. पिचरने (बॉल टाकणारीने) ठरलेल्या चौकटीबाहेर चार बॉल टाकून दिलेला बेस, कॅचरच्या मागे गेलेला बॉल, फर्स्ट बेसच्या डोक्यावरून गेलेला थ्रो. ही गळती थांबली की तोच संघ, त्याच मुली घेऊन, सामना शेवटच्या इनिंगपर्यंत नेतो.

म्हणून मैदानावर जाण्याआधी जिमखान्यातून मागच्या दोन वर्षांच्या स्कोअरशीट मागून घ्या. समोरच्या संघाची प्रत्येक रन उलटी मोजत जा: ती मुलगी होमला कशी आली, तिसऱ्यावर कशी पोचली, दुसऱ्यावर कशी, पहिल्यावर कशी. प्रत्येक पायरीसमोर ‘हिट’ किंवा ‘फुकट’ लिहा. शीट मिळत नसतील तर दोन सराव सामने लावा आणि स्वतः लिहा. हा कागद पुढच्या वर्षी प्राचार्यांसमोर ठेवायचा आहे, तेव्हा तारीख घालून जपा.

होकार देण्यापूर्वी

पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक असाल तर बी.पी.एड., एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट ही वाट ठरलेली आहे. मानधनावर येणार असाल तर चार गोष्टी आधी बोलून घ्या: स्टोअररूमची किल्ली कोणाकडे, मैदान कोणत्या वेळेला मिळणार, प्रवासखर्च आणि जेवणाचा भत्ता कधी हातात येणार, आणि किमान दोन वर्षं संघ तुमच्याकडे राहणार का. चौथी सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या वर्षी ढाल आणण्याचा शब्द देऊ नका. द्यायचाच तर मोजता येईल असा द्या, जसं की सामन्यामागे फुकटचे बेस निम्म्यावर आणतो. अमेरिकेत पॅटी गॅसो यांनी १९९५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचा संघ घेतला, तेव्हा तो नॉर्मन गावातल्या सार्वजनिक बागेच्या मैदानावर खेळत होता. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २००० मध्ये आलं. सोयी तिथेही आधी नव्हत्या आणि वेळ तिथेही लागला.

कोल्हापूर फुटबॉलवेडं शहर आहे. संध्याकाळी मैदान फुटबॉलवाल्यांचं असतं आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. सकाळी साडेसहा ते सव्वाआठ ही वेळ लेखी मागून घ्या. मात्र कागल, पन्हाळा, करवीरच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलींना ती जमेल का ते आधी विचारा. पहिली गाडी साडेसातला पोचत असेल, तर त्या मुलींना शिक्षा करून काही होणार नाही. आठवड्यातले दोन दिवस कॉलेज सुटल्यावर ठेवा आणि शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधी सराव संपवा. घरच्यांचा फोन येण्याआधी तुम्हीच फोन करा. वेळापत्रक, कोण सोबत असेल, सामना कुठे आहे, एवढं कळलं की बहुतेक घरं परवानगी देतात.

मुली कुठून आणायच्या

शालेय स्पर्धेत सॉफ्टबॉल खेळलेल्या मुली अकरावी आणि एफ.वाय.च्या प्रवेशात शोधा, पण तेवढ्यावर अठराची यादी भरत नाही. बाकीच्या दुसऱ्या खेळांतून घ्या. खो-खोची मुलगी बेसवर धावण्यासाठी आणि सेंटर फिल्डला. हँडबॉलची शॉर्टस्टॉप किंवा तिसऱ्या बेसवर, कारण तिला पळता पळता फेकता येतं. भालाफेकवाली लेफ्ट फिल्डला. क्रिकेटची विकेटकीपर कॅचरला, पण तिला बॉल बाजूने पकडायची सवय असते, ती मोडायला महिना जातो. पिचर मात्र वेगळी निवडा. उंची आणि ताकद नंतर बघा. आज सांगितलेली गोष्ट उद्या न सांगता करणारी आणि बेस दिल्यावर खांदे न पाडणारी मुलगी हवी. अशा तीन निवडा. वर्षभरात एक सोडते, एक उरते आणि एक मदतीला राहते.

मैदान आखणं

चुकीच्या मैदानावर केलेला सराव सामन्यात उलटतो. लांब मोजपट्टी नसेल तर न ताणणाऱ्या सुतळीला १८.२९ मीटर (६० फूट) आणि २५.८६ मीटरवर गाठी मारा. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून २५.८६ मीटरवर दुसऱ्या बेसचा मध्य. मग होमपासून १८.२९ आणि दुसऱ्यापासून १८.२९ अशा दोन सुतळ्या उजवीकडे जिथे ताठ मिळतात तो पहिला बेस, डावीकडे तिसरा. पिचिंग प्लेट मुलींसाठी होमच्या टोकापासून १३.११ मीटरवर (४३ फूट), पुरुषांसाठी १४.०२ मीटरवर. पिचरभोवतीचं वर्तुळ २.४४ मीटर त्रिज्येचं. फक्की मारण्याआधी इनफिल्डमधले खडे वेचा. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) उसळून तोंडावर येतो, आणि एकदा लागलं की ती मुलगी पुढचे दोन महिने मान फिरवून फिल्डिंग करते. होमच्या मागे साडेसात मीटरवर दोन बांबूंना जुनं क्रिकेटचं नेट बांधा, नाहीतर अर्धा सराव बॉल आणण्यात जातो.

पिचर: सगळ्यात जास्त वेळ इथे

तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी मेहनत करायला लावतो, डाव नंतर शिकवतो. पिचरचंही तसंच. पहिले तीन महिने वेग, राइज (वर चढणारा बॉल), ड्रॉप (खाली पडणारा) यातलं काही नाही. फक्त स्ट्राइक, म्हणजे चौकटीतून जाणारा बॉल.

जून ते ऑगस्ट कोल्हापूरचा पाऊस मैदानावर उतरू देत नाही, आणि पिचरसाठी हाच उत्तम काळ आहे. वीस मीटर लांबीचा हॉल किंवा व्हरांडा पुरतो. क्रम असा ठेवा. तीन मीटरवरून नेटवर फक्त मनगटाचा झटका, ५० वेळा. मग आडवं उभं राहून, हात डोक्यावरून खाली आणत कमरेजवळ बॉल सोडणं, सहा मीटरवरून, ४० वेळा. मग पाय न उचलता पूर्ण विंडमिल (हाताचा पूर्ण फेरा), नऊ मीटरवरून, ३० वेळा. शेवटी पूर्ण अंतरावरून ३०. आठवड्यातले चार दिवस, मधे सुट्टी. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपरात दुखतं म्हणाली तर त्या दिवशी बंद. हात खालून फिरतो म्हणून दुखत नाही, हा समज खरा नाही.

जमिनीवर पिचिंग प्लेटपासून होमपर्यंत फक्कीची एक सरळ रेघ ओढा, चुका तीच दाखवते. बॉल वर जातोय म्हणजे हात कमरेच्या पुढे गेल्यावर, उशिरा सुटतोय. समोर टप्पा पडतोय म्हणजे लवकर सुटतोय, किंवा शरीर पुढे वाकलंय. आजूबाजूला जातोय म्हणजे पुढचा पाय रेघेच्या आडवा पडतोय, किंवा कंबर लवकर बंद होऊन हाताच्या वाटेत येते आणि हात तिला वळसा घालतो. एका दिवसात एकच चूक सांगा. तीन सांगितल्या तर ती हाताचा विचार करत बसते आणि बॉल कुठेही जातो. मागचा पाय प्लेट सोडून पुढे टेकतो आणि तिथून पुन्हा ढकलतो का, तेही मोबाइलवर बाजूने चित्रण करून बघा. त्यालाच क्रो हॉप म्हणतात, आणि पंच इल्लीगल पिच देतात.

कसोटी साधी आहे. बॅटर उभी करून वीस पिच. त्यातल्या बारा स्ट्राइक सलग तीन दिवस आल्या, की ती सामन्यात उतरायला तयार. मग चेंजअप शिकवा. या पातळीवर सरळ बॉल आणि तशाच हालचालीतून आलेला संथ बॉल एवढं पुरतं. चार प्रकार अर्धवट येण्यापेक्षा हे दोन पक्के असू देत. पिचरला बॅटिंग जमत नसेल तर डीपी-फ्लेक्स वापरा. तिच्याऐवजी दहावी मुलगी बॅटिंग करते, आणि हा नियम बरेच संघ यादी भरताना विसरतात.

कॅचर आणि तीन सेकंदांचं गणित

सॉफ्टबॉलमध्ये बॉल पिचरच्या हातून सुटेपर्यंत धावणारीला बेस सोडता येत नाही. पिचवर पुढचा बेस चोरायला (स्टील), म्हणजे साठ फूट धावायला, चपळ मुलीला साधारण ३.२ सेकंद लागतात. ताशी ७० किलोमीटरची पिच होमपर्यंत यायला ०.६ सेकंद जातात, टॅग करायला ०.२ धरा. कॅचरकडे उरतात २.४ सेकंद: मिटमध्ये बॉल पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दर शनिवारी मोजा. वेळ हातात कमी आणि पायांत जास्त वाचते. बसल्या जागेवरून उठून फेकणारी कॅचर उशीर करते, उजवा पाय आधीच थोडा मागे ठेवणारी वेळ साधते.

पण स्टील अडवण्याआधी बॉल अडवणं. रोज तीस टप्पे: साडेचार मीटरवरून टेनिस बॉल जमिनीवर आपटून फेका, दोन्ही गुडघे खाली, ग्लोव्ह गुडघ्यांमधल्या जागेत, हनुवटी छातीला, खांदे पुढे. बॉल पकडायचा नाही, छातीवर घेऊन समोर पाडायचा. टेनिस बॉलने भीती गेली की खरा बॉल आणि पूर्ण गार्ड. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद असतील, तर बॅटर धावू शकते, हे दोन्ही बाजूंच्या मुलींना पाठ हवं.

बंट आला की कोण कुठे

हरणारा संघ ओळखायचा असेल तर त्याच्यावर एक बंट (बॅट न फिरवता बॉल जवळच टेकवणं) टाकून बघा. तिसऱ्या आणि पहिल्या बेसवरच्या दोघी पुढे धावतात, कोणीतरी बॉल उचलते, पहिल्या बेसवर फेकते आणि तिथे कोणीच नसतं. नियम पाठ करून घ्या: पहिली आणि तिसरी पुढे, सेकंड बेसची खेळाडू पहिल्या बेसवर, शॉर्टस्टॉप धावणारी असेल त्या पुढच्या बेसवर, राइट फिल्ड पहिल्याच्या मागे थ्रो अडवायला. कुठे फेकायचं हे कॅचर ओरडते, कारण सगळं मैदान तिच्याच समोर असतं. रोज वीस बंट, पहिले पाच चालत, पुढचे धावत. शंका आली तर पहिल्या बेसवरची खात्रीची बाद घ्या. दुसऱ्यावर घाईने फेकून दोघी सुरक्षित होणं हे फुकटच्या रनचं मोठं दार आहे.

आपल्या बॅटिंगचं थोडक्यात: आठवड्यातला एक पूर्ण दिवस बंटला. खो-खोच्या एक-दोन उजव्या मुलींना डाव्या बाजूने स्लॅप (पळता पळता मारलेला छोटा फटका) शिकवा, पहिला बेस दोन पावलं जवळ येतो. दोन स्ट्राइकनंतर बंट फाउल गेला तर बाद, तेव्हा तो मोह टाळा.

सामान

अठरा जणींसाठी: २४ बॉल (बारा इंची, अर्धे सामन्यासाठी वेगळे), ४-५ स्लगर (बॅट) वेगवेगळ्या वजनांचे, १८ ग्लोव्ह, त्यात डाव्या हाताने फेकणाऱ्यांचे किमान दोन. हे दोन जवळजवळ प्रत्येक जिमखान्यात नसतात आणि चांगली डावखुरी मुलगी उलटा ग्लोव्ह घालून वर्ष काढते. दोन कॅचर संच, सहा हेल्मेट, पिचरसाठी फेसमास्क. ग्लोव्हची वादी तुटली की नायलॉनची दोरी बांधू नका. चप्पल लाईनमधल्या कारागिराकडे न्या, तो चामड्याची नवी वादी ओवून देतो. ओला ग्लोव्ह उन्हात किंवा चुलीजवळ वाळवला तर कडक होऊन चिरतो. सावलीत, आत एक बॉल घालून, बांधून ठेवा.

वर्षाची आखणी

जुलैत निवड, ऑगस्टमध्ये हॉलमध्ये थ्रो आणि पिचिंग. गणपतीत मुली गावी जाणारच, ते दहा दिवस विश्रांतीचे धरा. पाऊस उघडला की पूर्ण मैदान, दर आठवड्याला एक सराव सामना. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात, म्हणून सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांशी दोन सामने स्पर्धेआधी ठरवा, ओळखीच्या संघाविरुद्ध उणिवा दिसत नाहीत. सत्र परीक्षा आणि स्पर्धा अंगावर एकदम येतात, तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात सराव ४५ मिनिटांवर आणा, बंद करू नका. पात्रतेची कागदपत्रं परिपत्रक येताच भरा. वयाचा दाखला किंवा प्रवेशाची तारीख चुकल्याने बाद होणारी मुलगी परत येत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि पुष्कळ मुलींच्या घरी याच आशेने परवानगी मिळते. कोणत्या स्पर्धेचं कोणतं प्रमाणपत्र कुठे चालतं, हे चालू शासन निर्णयातून वाचूनच सांगा, अंदाजाने नाही. स्पर्धा संपली की जवळच्या दोन शाळांत आठवी-नववीच्या मुलींना महिन्यातून दोनदा पिचिंग शिकवा. पिचर तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि कॉलेजला ती तीनच वर्षं मिळते.

सामन्याच्या दिवशी पिचरला पंचवीस मिनिटं आधी उभी करा, लवकर सुरू केलं तर पहिल्या इनिंगलाच दमते. पहिल्या दोन इनिंगमध्ये तिने सलग दोन बेस दिले तर लगेच बदलू नका, टाइम घेऊन कॅचरला पाठवा. तिसराही दिला तर मदतीची पिचर. ती आधीच्या इनिंगपासून बाजूला हात मोकळा करत असली पाहिजे. सात इनिंगला बरोबरी झाली आणि टायब्रेकर लागू असेल, तर आठवीत आपली धावणारी दुसऱ्या बेसवरूनच सुरू होते. तिथे कोणीही बाद नसताना पहिल्याच बॅटरला बंट सांगा. ती बाद झाली तरी धावणारी तिसऱ्यावर जाते, आणि मग समोरच्या कॅचरच्या मागे सुटलेला एक बॉलही पुरतो.