नाक कुठं पळून चाललं का?

शिल्पकार व्हायचंय म्हणणाऱ्या पोरांसाठी कामाचं पटकन सांगून टाकतो: बारावीनंतर बीएफए (कलेची पदवी), 4 वर्षं, त्यासाठी एएसी सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), आणि फॉर्म भरायच्या आधी तिथं शिल्पकला आहे ना हे विचारा, कारण पेंटिंग बहुतेक ठिकाणी मिळतं, शिल्प नाही. मुंबईत जेजेला (सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) आहे.

आता माझं. मी पहिलं हेड, म्हणजे नुसतं डोकं-मान, केलं आजोबांचं, शाडूत, फोटोवरून (फोटोला मागची बाजू नसते हे तेव्हा डोक्यात आलंच नाही). पहिल्याच दिवशी डोळे, मिशी सगळं कोरून मोकळा, आर्मेचर (मातीच्या आतला सांगाडा) म्हणाल तर एक रॉड आणि थोडी तार. मे महिना, नागपूरचं 45 डिग्रीचं ऊन, रात्री ओलं कापड टाकलं पण वरून प्लास्टिक गुंडाळायचं राहिलं, सकाळी भेगाच भेगा, मग मी शहाण्यानं बदाबदा पाणी मारलं आणि दुपारी आजोबांची हनुवटी छातीवर.

नागपुरात महाल भागात चितार ओळ ही मूर्तिकारांची गल्ली आहे, तिथं एका म्हाताऱ्या मूर्तिकाराला रडगाणं सांगितलं, तर तो म्हणे, "काऊन रे, आंधी खोपडी बांध ना, नाक कुठं पळून चाललं का?"

मग कळलं. रॉड पाटाला घट्ट हवा, वर अॅल्युमिनियमच्या तारेचा अंड्यासारखा गोळा, आणि आत तारेनं लटकवलेल्या काड्यांच्या फुल्या, त्या माती धरून ठेवतात. मारबत (नागपुरात मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा) बांधताना बघा, आधी सांगाडाच उभा करतात. डोळे येतात डोक्याच्या बरोब्बर अर्ध्यावर, आपण सगळे ते वर चढवतो. उभी फिगर साधारण साडेसात डोकी, आणि एका पायावर भार असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ यायला पाहिजे, नाहीतर माणूस पडतोय असं वाटतं. अजब बंगल्यातल्या (नागपूरचं संग्रहालय) जुन्या मूर्तींभोवती फिरून स्केचेस करा, फुकटची शाळा आहे (तिकीट सोडून).

ब्राँझचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा, शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची गाजलेली मूर्ती मंदिरपथगामिनीसुद्धा विद्यार्थीदशेत केलेली, प्लास्टरमधलीच. वेस्ट मोल्ड (मातीवरून घेतलेला, शेवटी फोडून टाकायचा साचा) करताना प्लास्टर पाण्यात टाका, पाणी प्लास्टरमध्ये नाही, आणि पहिल्या थरात थोडी नीळ घाला, म्हणजे फोडताना निळं दिसलं की हात हलका करायचा. मी नीळ विसरलो आणि छिन्नीनं एक कान उडवला.

तोच कान चिकटवलेलं दुसरं हेड आजीला दाखवलं. ती मागं जाऊन उभी राहिली, म्हणाली, "मान तर त्याईचीच हाय, पण थोबाड कोनाचं केलं?"