ऑक्टोबरात डिस्नीलँडला जाताय? मग आजीलाही घेऊन जा

सप्टेंबर उजाडला की मला ठरलेले फोन येतात. घर नुकतंच लागलंय, मुलं शाळेत जायला लागलीयत, इंडियाहून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आलेत, आणि शेजारच्या अंगणात हॅलोवीनचे, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाचे, सांगाडे टांगलेले बघून घरातली मोठी माणसं म्हणतायत हे काय अभद्र! त्यात मुलांनी डिस्नीलँडचा धोशा लावलाय, आणि तिथेही म्हणे सगळं भुताखेतांचं केलंय, मग आत्ता जावं की नाताळापर्यंत थांबावं? डिस्नीलँड आहे त्या कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमपासून मी अर्ध्या तासावर 14 वर्षं राहतेय आणि माझं उत्तर दर वर्षी तेच असतं, आत्ताच जा, आणि मोठ्यांना घरी ठेवू नका.

आधी मनातली भीती काढून टाका. तिथे रक्तबिक्त काही नसतं. गेटमधून आत गेलं की मेन स्ट्रीटवर साधारण 16 फूट उंचीचा मिकीच्या तोंडाचा भोपळा असतो, आणि दुकानांच्या छज्ज्यांवर, खिडक्यांत कोरलेले भोपळे, केशरी-पिवळ्या पताका. त्या भोपळ्यांचे चेहरे नीट बघा हं, एकासारखा दुसरा नाही, एखाद्याला मिशा, एखाद्याला टोपी. आम्ही मुलांना हेच काम देतो, आपल्या आजोबांसारखा दिसणारा भोपळा शोधायचा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. भोपळे कोरायची ही पद्धत आयरिश लोकांबरोबर अमेरिकेत आली. तिकडे ते सलगम कोरायचे, इथे आल्यावर मोठे भोपळे भरपूर मिळायला लागले मग तेच घेतले. आपण इथे दसऱ्याला मिळेल ते पान सोनं म्हणून देतो ना, तसंच. हे सांगितल्यावर माझ्या सासूबाईंचा अर्धा विरोध तिथेच मावळला.

आता तिकिटाचं बघा, कारण इथेच नवीन लोक फसतात. शेजारी शेजारी दोन पार्क आहेत, 1955 साली सुरू झालेलं मूळ डिस्नीलँड आणि समोरचं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. दोन्हीकडची सजावट एका दिवसात बघायची तर पार्क हॉपर तिकीट लागतं. 3 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आणि ऊगी बूगी बॅश नावाची हॅलोवीनची पार्टी असते ती वेगळी, ठराविक रात्री, वेगळ्या तिकिटाची, ती तिकिटं फार लवकर संपतात. पार्टी असेल त्या दिवशी कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर साध्या तिकिटवाल्यांसाठी संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी कॅलेंडर बघाच. शक्यतो मंगळवार-बुधवार घ्या.

अजून एक. ऑफिसातले लोक नॉट्स स्केअरी फार्मचं, म्हणजे जवळच्याच नॉट्स बेरी फार्म या दुसऱ्या पार्कातल्या हॅलोवीनच्या कार्यक्रमाचं, कौतुक करतील, 1973 पासून चालू आहे, पण ते रात्रीचं आणि खरोखरच घाबरवणारं आहे, 13 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं ते स्वतःच सांगतात. लहानग्यांसाठी तिथेच दिवसा वेगळा स्पूकी फार्म असतो, तो छान आहे. नावं सारखी वाटतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

डिस्नीलँडमध्ये सकाळी गेट उघडल्या उघडल्या हाँटेड मॅन्शनकडे चालत सुटा. हा भूतबंगला 1969 चा, आणि 2001 पासून दर वर्षी या दिवसांत त्याचं रूप बदलतात, हॅलोवीन आणि ख्रिसमस एकत्र, मेणबत्त्या, भोपळे आणि 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' सिनेमातला तो हाडकुळा जॅक. आत जेवणाच्या मोठ्या दालनात जिंजरब्रेडचं घर असतं, दर वर्षी नवीन डिझाइन, आणि त्याचा आलं-दालचिनीचा वास तुम्ही बसता त्या पाळण्यापर्यंत येतो! मात्र सुरुवातीला एका बंद खोलीत दिवे जातात आणि गडगडाट होतो, 4-5 वर्षांच्या मुलाला आधी सांगून ठेवा, हात घट्ट धरा. ही सजावट नाताळ संपेपर्यंत राहते, तेव्हा रांग फारच मोठी असली तर जीव काढू नका, परत या. समोरच्या पार्कात कार्स लँडमधल्या गाड्यांनी सुद्धा वेष घातलेले असतात, मुलगे तिथून हलत नाहीत. आणि ब्युएना व्हिस्टा स्ट्रीटवर बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराचा मोठा पुतळा आहे, त्याबद्दलही लहानांना आधीच सांगा.

ऊन. हे मी मनापासून सांगतेय, ऑक्टोबर म्हणजे थंडी असं इथे नसतं, दुपारी 35 डिग्री सुद्धा होतं. धाकटी 4 वर्षांची असताना मी तिला झाशीची राणी करून नेलं होतं, जरीची नऊवारी, शेला, फेटा सगळं. अकरा वाजता पोरगी लालबुंद झाली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. दोन तास सावलीत बसून पाणी पाजत होते, आणि चूक पूर्ण माझीच होती. तर वेष पिशवीत ठेवा, ऊन उतरल्यावर घाला. 14 वर्षांपासून पुढच्यांना आणि मोठ्या माणसांना दिवसा वेष करून आत सोडत नाहीत, पार्टीच्या तिकिटावर चालतं. खाणं घरून नेता येतं, फक्त काचेची बाटली नको. दशम्या, थेपले, तिखट-मिठाच्या पुऱ्या घ्या. साधं पाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट देतात. आणि आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते, लाज वाटून घेऊ नका, दिवसभरात खूप चालणं होतं.

आता ज्यासाठी आजीला न्यायचं ते. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये प्लाझा दे ला फॅमिलिया म्हणून जागा करतात, मेक्सिकन लोकांच्या दीया दे लोस मुएर्तोससाठी. 1 आणि 2 नोव्हेंबरला ते गेलेल्या माणसांची आठवण करतात, फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खाणं, पाणी, मेणबत्त्या ठेवतात. त्या मांडणीला ओफ्रेंडा म्हणतात. वर कातरलेल्या कागदाच्या पताका, आणि सगळीकडे झेंडू! आपला दसऱ्याचा झेंडू मुळात मेक्सिकोकडचाच. त्याच्या रंगावरून आणि वासावरून गेलेल्यांना घरची वाट सापडते असं ते मानतात.

सासूबाई तिथे थांबल्या. सकाळपासून सांगाडे बघून तोंड वळवत होत्या त्या. मला म्हणाल्या, "अगं, हे तर सर्वपित्रीचं पान वाढल्यासारखंच आहे." त्या वर्षी आमचे सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि इथे पितृपक्षात काहीच करता आलं नाही ही रुखरुख त्यांना होती. तिथे आठवणीची एक भिंत होती, लोक आपापल्या माणसांना चिठ्ठ्या लिहून लावत होते. त्यांनी एक कागद मागून घेतला, पेन हातात धरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शेजारी आमची राणी, आता बरी झालेली, नऊवारी परत नेसलेली. मग लिहिलं, "तुमची नात आज झाशीची राणी झाली होती. तुम्ही बघायला हवं होतं." त्या सगळ्या भिंतीवर देवनागरीतली तेवढी एकच चिठ्ठी होती.

तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, ऊन कलतं आणि झेंडूचा रंग काय दिसतो! निघताना आजीचा वाचायचा चष्मा पर्समध्ये घ्यायला मात्र विसरू नका.